ठासलेली

चार वर्षं अर्ज केला, चार वर्षं नाव निघालं नाही.
पाचव्या वर्षी निघालं, तोवर ओथोचा गुडघा गेलेला.
म्हणून मी, आणि शेजारचा रेनार्ड,
जो बोलत नाही, त्यामुळे चालतो.

बंदूक सासऱ्यांची. ठासणीची.
आधी काळी दारू, शिंगाच्या मापानं, काठोकाठ.
मग तेलकट चिंधीत शिशाची गोळी,
मीच ओतलेली, स्वयंपाकघरात, खिडकी उघडी ठेवून.
मग गज. एका दमात, तळापर्यंत.
अर्धवट ठासलेली आपल्यालाच मारते,
सासरे म्हणायचे,
आणि बहुधा बंदुकीबद्दलच म्हणायचे.

हे रान सरकारी.
म्हणजे माझं, म्हणजे डेन्व्हरच्या कुणा दंतवैद्याचंही,
आणि त्या पोरांचंही, ज्यांची ओढ्याकाठची शेकोटी
काल रात्री मी बुटानं विझवली.
नकाशावर आमचं हिरवं, त्याचं पांढरं.
पांढऱ्याच्या मालकाला इथं कुणी पाहिलेलं नाही,
त्याची तार मात्र रोज दिसते.
एल्कना नकाशा पाठ आहे.
हंगाम लागला की ते पांढऱ्यात चरतात.

सातवा दिवस.
ॲस्पेनची पानं वारा नसतानाही हलत होती.
दव इतकं, की चापावर कातड्याचं टोपडं बांधून
बंदूक काखेत धरली होती, आजारी कोंबडीसारखी.
रेनार्डनं मादीचा आवाज काढला,
लाडिक, नाकातला
(साठीचा माणूस, तीन नातवंडांचा आजोबा),
आणि तारेपलीकडून उत्तर आलं:
आधी गंजलेली बिजागरी, मग लांब शीळ,
शेवटी म्हाताऱ्याचा खोकला.

त्यानं तार ओलांडली.
उडी नव्हे, नुसता पाय उचलला,
उंबरठा असावा तसा.

साठ पावलं.
शिंगांना खरवडलेल्या सालीचे धागे,
चिखलाचा आणि मुताचा वास. वारा माझ्या बाजूनं.
टोपडं काढलं. घोडा मागे.
अर्धा श्वास सोडला.
चकमक पडली, रंजक पेटली,
डोळ्यांसमोर पांढरा फुगा
आणि बस्स.
कानातून आग आत गेलीच नाही.

धूर सरला तेव्हा तो तिथंच.
बघत होता,
रस्त्यात बंद पडलेल्या गाडीकडे बघावं तसा.
मी तारेच्या तुकड्यानं कान कोरला,
नवी रंजक ओतली, अर्धी बुटावर,
तोवर तो वळला. चार पावलं, उंबरठा,
आणि पलीकडे पुन्हा आडवा उभा.
सत्तर पावलं असतील.
आता बंदूक तयार होती.

सात दिवसांत रेनार्ड पहिल्यांदा आपणहून बोलला:
“कोण बघतंय?”

प्रश्न वाईट नव्हता.
आमच्या फ्रीजरमध्ये मटार होते, आणि बर्फ.
मी घोडा अंगठ्यानं हळूच उतरवला.
का, ते धड सांगता येणार नाही. पुण्यबिण्य नाही.
कदाचित एवढंच, की तो मालक कधी चुकून भेटला
तर म्हणता यावं,
तार तुझी आहे, पाळते मी.

ठासलेली बंदूक गाडीत नेत नाहीत.
संध्याकाळी ट्रकपाशी, मातीच्या दरडीत झाडली.
पहिल्याच ठिणगीला गेली.
अख्खी दरी दणाणली. रेनार्ड हसला,
मग मी हसले, मग हसू थांबेना,
मग थांबलं.

चाकूनं माती उकरून गोळी काढली,
कोटाच्या बटणाएवढी, चपटी, अजून कोमट.
खिशात टाकली. पुन्हा वितळेल.

टेकाडावर चढून, रेंज मिळाल्यावर, ओथोला फोन केला.
“ओली होती?” त्यानं विचारलं.
“दव,” मी म्हटलं.
पलीकडे टीव्ही चालू होता.
“दोन दिवस आहेत अजून,” तो म्हणाला.
“उद्या कान आधीच कोरून ठेव.”